हातचं कार्ड, दुसऱ्याच्या घरी: शुभेच्छापत्र आणि स्क्रॅपबुकची पहिली पानं

कार्ड करायला बसलं की बहुतेक जण आधी कागद आणि कात्री काढतात, मग काय करायचं याचा विचार करतात. उलटं करून बघा. ज्याला द्यायचंय त्याच्या घरात ते कुठे राहणार, हे आधी ठरवा. शोकेसवर उभं राहणार असेल तर कागद जाड हवा आणि पुढच्या पानावर जास्त वजन नको, नाहीतर ते तोंडावर पडतं. कपाटात साड्यांच्या घडीखाली जाणार असेल तर सपाट हवं. खडे-मणी नकोत, त्यात साडीचा धागा अडकतो. आजोबा खिडकीशी धरून वाचणार असतील तर अक्षर मोठं, शाई काळी आणि कागद पांढरा किंवा फिकट. काळ्या कागदावरचं सोनेरी पेन फोटोत झकास दिसतं, पण सत्तरीतल्या डोळ्यांना ते वाचता येत नाही. आणि पुण्या-मुंबईच्या भाचीला टपालाने जायचं असेल तर वजनाचा हिशेब आलाच.

एवढं ठरलं की निम्मे निर्णय झाले. दुकानात जाऊन जे दिसेल ते उचलण्याचा खर्चही वाचतो.

सामान: थोडकं पण नेमकं

सांगलीत यासाठी फार हिंडावं लागत नाही. विश्रामबागला कॉलेजांच्या आसपासच्या स्टेशनरीत इंजिनिअरिंगची मुलं ड्रॉइंगसाठी जे घेतात, तेच आपल्याला लागतं: ३० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, चांगला कटर, एचबी पेन्सिल, डाग न पाडणारा खोडरबर. प्लॅस्टिकच्या पट्टीला धरून कटर चालवू नका, पाती पट्टीत घुसते आणि पुढची प्रत्येक रेघ वाकडी येते. कापायला खाली मॅट नसेल तर जुन्या कॅलेंडरचे दोन-तीन पुठ्ठे एकावर एक ठेवले तरी भागतं.

सजावटीचं सामान मात्र विकत घ्यायची घाई नको. ओळखीच्या टेलरकडे उरलेल्या तुकड्यांची पिशवी असतेच, त्यात जरीचे काठ आणि ब्लाउजपीसच्या पट्ट्या सापडतात. जुन्या लग्नपत्रिका तर खजिनाच. जाड कागद, सोनेरी छपाई, कधी मखमली पोत, आणि सगळं फुकट. पत्रिकेवरचा गणपती कापून बाजूला ठेवायची सवय आपल्याकडे घरोघरी असते. तो बारशाच्या किंवा वास्तुशांतीच्या कार्डावर शोभतो. टपालात शिक्के खात जाणाऱ्या पाकिटाच्या बाहेर मात्र लावू नये, असं माझं मत.

कागदाच्या जाडीला जीएसएमचा आकडा असतो, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा. त्याचं कार्ड केलं तर ते मान टाकतं. कार्डाच्या बाहेरच्या अंगाला २५० च्या आसपास घ्या. ३०० च्या पुढे गेलात तर घडी फाटल्यासारखी दिसायला लागते. आतला मजकूर वेगळ्या पातळ कागदावर लिहून चिकटवणार असाल तर १०० पुरे.

चिकटवायचं काय, हा प्रश्न सगळ्यात जास्त घोळ घालतो. पांढरा फेविकॉल पाण्यातला असतो. तो कागद भिजवतो आणि वाळताना सुरकुत्या पाडतो. कापड, लेस, लाकडी बटण यांना तो उत्तम, पण कागदावर कागद चिकटवायला ग्लू स्टिक किंवा डबल टेप वापरा. फेविकॉलच हाताशी असेल तर जुन्या एटीएम कार्डाने अगदी पातळ पसरवा, थेंब टाकू नका, आणि वर प्लॅस्टिकचा कागद ठेवून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबा. पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ धरा. सेलोटेप मात्र घरातल्या कुणाला या टेबलाजवळ आणू देऊ नका. ती काही वर्षांत पिवळी पडते, सुटते आणि मागे तेलकट डाग ठेवून जाते.

कोरं कार्ड

आधी पाकीट आणा, मग कार्ड कापा. हा क्रम चुकला की सुंदर कार्ड हातात आणि मावेल असं पाकीट बाजारात नाही, अशी गत होते. नवख्याला सगळ्यात सोयीचं माप म्हणजे ए-फाइव्हचा कागद (१४८ बाय २१० मिलिमीटर) मधोमध दुमडून होणारं कार्ड. बंद कार्ड १०५ बाय १४८ चं होतं आणि ११४ बाय १६२ मिलिमीटरच्या पाकिटात आरामात बसतं. लग्नात द्यायचं असेल तर आहेराचं पाकीट मोजा, रुपया चिकटवलेलं असतं ते. त्यात नोटांबरोबर जाईल एवढं छोटं, एकपदरी कार्ड करा. आहेराची यादी करताना नाव वाचून बाजूला पडणाऱ्या पाकिटांतलं तुमचंच पाकीट मग जपून ठेवलं जातं.

बाजारात कार्डशीट बहुतेक २२ बाय २८ इंचांची मिळते. तिच्यातून ए-फाइव्हचे ९ किंवा ८ तुकडे निघतात. ९ की ८, हे कागदाच्या ग्रेनवर ठरतं. कागदातले तंतू एका दिशेने बसलेले असतात, त्याला छापखान्यात ग्रेन म्हणतात. शीट न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा. ज्या दिशेने सहज वाकते, त्या वाकाची रेघ म्हणजे ग्रेन. कार्डाची घडी त्याच रेघेने आली पाहिजे. आडवी आली तर घडीवर कागद तडकतो, आणि गडद रंगाच्या शीटवर ती पांढरी तडक लांबून दिसते.

घडी थेट हाताने घालू नका. मध्य दोन्ही कडांवर मोजून पेन्सिलीचे बारीक ठिपके द्या, पट्टी ठेवा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने एकदा, दोनदा दाबून रेघ ओढा. कागद कापला जायला नको, नुसती खाच पडली पाहिजे. खाच बाहेरच्या अंगाला आणि तिच्या मागचा उंचवटा आतल्या अंगाला ठेवून दुमडा. मग चमच्याच्या पाठीने घडी दाबत न्या. चमच्याने कागदाला चकाकी येते, म्हणून मध्ये एक साधा कागद ठेवा.

कटरबद्दल एकच. जाड कागद एका दमात कापायला जाऊ नका. हलक्या हाताने तीन वेळा पाती फिरवली की कड स्वच्छ येते, आणि बोटंही शाबूत राहतात.

पुढचं पान: हळदीचं एक कार्ड

पुढच्या पानावर एकच गोष्ट ठेवा. फूल असेल तर फूल, नाव असेल तर नाव. फूल, फुलपाखरू, रिबन, चार टिकल्या आणि चकाकी हे सगळं एकत्र आलं की बघणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही. चित्र मधोमध ठेवायचं असेल तर खालची मोकळी जागा वरच्यापेक्षा थोडी जास्त सोडा. काटेकोर मध्यावर ठेवलेली गोष्ट डोळ्याला खाली घसरल्यासारखी वाटते.

सुरुवात करायला सांगलीकरांसाठी हळदीपेक्षा सोपं आणि आपलं काही नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपण तिने रंगवलेल्या कागदावर जरा लिहून बघू. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण असेल तर हे कार्ड फारच साजतं.

अर्धा चमचा हळद दोन चमचे पाण्यात कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं पिवळं पाणी रुंद ब्रशने १५०-२०० जीएसएमच्या पांढऱ्या ड्रॉइंग पेपरवर पसरवा. एकसारखं झालं नाही तरी चालतं, उलट छटा छान दिसतात. पूर्ण वाळू द्या. आता वाटीत चिमूटभर खायचा चुना पाण्यात ढवळून ठेवा आणि वर जी नितळ निवळी येते ती बारीक ब्रशने घेऊन त्या पिवळ्या कागदावर लिहा किंवा एखादं पान काढा. ब्रश टेकल्याबरोबर पिवळ्यावर तांबूस लाल उमटतो. हळदीतलं रंगद्रव्य चुन्यासारख्या अल्कधर्मी गोष्टीला भेटलं की लाल होतं. हळदीपासून पारंपरिक कुंकू होतं तेही याच गुणावर. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. मुलं बरोबर असतील तर निवळी मोठ्यांनीच काढून द्यावी.

हा कागद वाळवून, सपाट दाबून कार्डापेक्षा चारही बाजूंनी ५ मिलिमीटर लहान कापा आणि डबल टेपने पुढच्या पानावर बसवा. बाजूने उरलेली बारीक किनारच त्याची चौकट होते. एक मर्यादा आहे: हळदीचा रंग उन्हात उडतो आणि लालही हळूहळू तपकिरीकडे झुकतो. आमंत्रणाला हरकत नाही, पण वर्षानुवर्षं ठेवायच्या स्क्रॅपबुकात हळद वापरू नका.

अशी २५ कार्डं करायची असतील तर एकेक पूर्ण करत बसू नका. एका दिवशी सगळं कापून घड्या घाला, दुसऱ्या दिवशी कागद रंगवा, तिसऱ्या दिवशी चिकटवा. चार-पाच जास्तीची धरा, एखाद्या मावशीचं नाव आयत्या वेळी आठवतंच.

अक्षर

इंग्रजी अक्षरं रेघेवर उभी राहतात, आपली रेघेला टांगलेली असतात. म्हणून वहीसारखी खालची रेघ आखून देवनागरी मथळा लिहायला गेलं की तो लाटा मारतो. शिरोरेषेची पेन्सिलरेघ आधी आखा आणि अक्षरं तिच्याखाली लटकवा. वरच्या वेलांट्या, मात्रा, रफार आणि खालचे उकार यांची जागा आधीच धरा. ३ सेंटिमीटरची पट्टी मथळ्याला दिली असेल तर वरून ८ मिलिमीटरवर शिरोरेषा, मग अक्षराचं अंग १४ मिलिमीटर, आणि खाली ८ मिलिमीटर मोकळे. ‘हार्दिक’मधला वेलांटीच्या शेजारचा रफार आणि ‘शुभेच्छा’तला उकार या दोघांना श्वास घ्यायला जागा मिळते.

आधी अक्षरं लिहा, शिरोरेषा शेवटी ओढा. शब्द कागदाबाहेर जाऊ नये म्हणून रद्दी कागदाच्या पट्टीवर त्याच आकारात एकदा लिहा, पट्टीची घडी घालून तिचा मध्य काढा आणि कार्डाच्या मध्याशी जुळवा. लिहून झाल्यावर दहा मिनिटं थांबूनच खोडरबर चालवा. जेल पेनची शाई वरून वाळलेली दिसते आणि खोडताना फरफटते. आणि कृपा करून ‘शुभेच्छा’ हा शब्द नीट तपासा. ‘शुभेच्या’ लिहिलेली सुबक कार्डं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि ती चूक झाकायला वर फूल चिकटवलं तर ते लगेच कळतं.

मोठी चूक टाळायचा सोपा मार्ग: मजकूर सुट्या कागदावर लिहून मग आत चिकटवा. बिघडला तर एक कागद जातो, अख्खं कार्ड नाही.

मजकूर

सजावटीला दोन तास आणि मजकुराला दोन मिनिटं, हे प्रमाण मला कधीच पटलेलं नाही. मोबाइलवरून उतरवलेल्या चार यमकांच्या ओळी त्या माणसाने त्याच आठवड्यात दहा जणांकडून वाचलेल्या असतात. त्याऐवजी त्याच्याबद्दलची एक घडलेली गोष्ट लिहा, जी दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही. निवृत्त होणाऱ्या बाईंना ‘आपण ज्ञानाचा सागर आहात’ लिहिण्यापेक्षा हे बघा: ‘बाई, नववीत गणितात मला १२ मार्क पडले, तेव्हा तुम्ही पेपर उलटा करून हातात दिला होता. वर्गाला दिसू नये म्हणून. ते मी विसरले नाही.’ तीन वाक्यं, आणि कार्ड कपाटात कायमचं.

गोष्ट आठवत नसेल तर माणसाच्या सवयी आठवा: चहा बशीत ओतून पिणं, एसटीत खिडकीची जागा दुसऱ्याला देणं, फोन ठेवताना तीनदा ‘बरं मग’ म्हणणं. मायना घरच्या पद्धतीचा ठेवा. ‘ती. आजीस साष्टांग नमस्कार’ हे आजीला आपलं वाटतं, कॉलेजच्या मैत्रिणीला ते चेष्टेचं वाटेल. शेवटी सही, आणि सहीखाली गाव व तारीख वर्षासकट. वीस वर्षांनी कार्ड पुन्हा हाती आलं की सगळे आधी तारीखच शोधतात.

स्क्रॅपबुकचं पान

कार्ड जमलं की पान अवघड नाही, फक्त त्यात फोटोंचा कारभार वाढतो. परदेशी नमुन्यांत १२ बाय १२ इंचांची चौकोनी पानं दिसतात. आपल्याकडे ती मुद्दाम मागवावी लागतात आणि महाग पडतात. ए-फोर घ्या, २०० ते २५० जीएसएम, शेवटी झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घेता येतं. सजावटीने पानं फुगतात, म्हणून स्पायरलच्या बाजूला प्रत्येक पानामागे कार्डशीटची एक सेंटिमीटर रुंद पट्टी चिकटवा. नाहीतर वही मिटत नाही, तोंड उघडं ठेवून बसते.

समजा आत्याची पंचाहत्तरी आहे. तिचं सगळं आयुष्य एका वहीत बसवायला जाऊ नका. आठ-दहा पानं, प्रत्येक पानाला एक विषय: माहेरचं घर, आयर्विन पुलावरचा फोटो, शाळेची नोकरी, पहिला नातू, तिचा भडंग. हो, भडंगालाही एक पान. तिच्या अक्षरातली कृती मिळाली तर तिची झेरॉक्स लावा. पानावर एक फोटो मोठा, एक किंवा दोन लहान, आणि लिहायला किमान चौथाई जागा. कागदावर आधी सगळं नुसतं मांडा, मोबाइलवर त्याचा फोटो काढा, तासाभराने पुन्हा बघा. मग चिकटवा.

माहिती गोळा करायला तिच्या बहिणींना आणि जुन्या शेजाऱ्यांना आधीच फोन करा. फोटोखाली नुसतं ‘छान क्षण’ लिहिण्याने काही होत नाही. डावीकडून कोण कोण, कुठे, साधारण कोणतं वर्ष, फोटो कुणी काढला, हे लिहा. या गोष्टी माहीत असलेली माणसं घरात कमी होत जातात.

फोटो छापताना: ४ बाय ६ इंचांच्या चांगल्या प्रिंटला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दाबून लहान केलेला असतो, म्हणून नातेवाइकांना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. स्टुडिओत मॅट प्रिंट मागा. चकचकीत कागदावर बोटांचे ठसे उमटतात, आणि वही दहा हातांतून जाणार आहे.

जुना कृष्णधवल फोटो घरात एकच असेल तर तो कधीही चिकटवू नका. स्कॅन करून त्याची प्रत लावा, मूळ फोटो ज्याचा त्याला परत. फोटोच्या मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने आणि कडेला. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. वर्तमानपत्रातलं कात्रणही मूळ लावू नका. त्या स्वस्त कागदात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, ते उजेडाने आणि हवेने पिवळं-तपकिरी होतं, आणि त्यातलं आम्ल शेजारच्या फोटोलाही खराब करतं. चांगल्या कागदावरची झेरॉक्स जास्त टिकते. पानांना प्लॅस्टिकची कव्हरं घालायची असतील तर पीव्हीसीची टाळा, फोटो त्यांना चिकटून बसतो. नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला की ओळखा. पॉलिप्रॉपिलीनची कव्हरं बरी.

बागेतलं फूल लावायचं तर पातळ पाकळ्यांचं निवडा. शेवंती, झेंडू दाबले तरी ओल धरतात आणि पानाला बुरशी आणतात. साध्या कागदाच्या दोन पदरांत ठेवून वर वजन द्या, पहिले काही दिवस रोज कागद बदला, आणि दोन-तीन आठवड्यांनी पूर्ण सुकलं की मगच लावा.

पाण्याची गोष्ट

कृष्णेकाठच्या घरात स्क्रॅपबुक देताना हा भाग सोडता येत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत इथल्या कितीतरी घरांतले अल्बम पाण्यात गेले. देण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर, दिवसाच्या उजेडात, सरळ वरून फोटो काढा आणि तो घरातल्या निदान दोघांकडे ठेवा. वही देताना स्पष्ट सांगा: खालच्या खणात नको, वरच्या फळीवर.

तरीही फोटो भिजलेच तर स्टुडिओचे प्रिंट बऱ्याचदा वाचतात. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. स्वच्छ गार पाण्याच्या ताटात ठेवा, सुटू द्या, चिखल हलकेच धुवा आणि चेहरा वर करून सावलीत पसरवा. पुसायचं नाही. दोन दिवसांत सगळे हाताळणं शक्य नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका. बुरशी थांबते आणि सवडीने काम करता येतं. घरच्या इंकजेट प्रिंटरवरचे फोटो मात्र पाण्यात घालू नका, त्यांची शाई वाहून जाते.

पोचवणं

हातात देता येत असेल तर तसंच द्या. टपालाने जायचं असेल तर वजन करा. साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असतो. २५० जीएसएमचं ए-फाइव्हमधलं कार्ड साधारण ८ ग्रॅम भरतं, पाकीट धरूनही २० च्या आत राहतं. तेच कार्ड ए-फोर दुमडून केलं तर नुसतं कार्डच साडेपंधरा ग्रॅमच्या पुढे जातं आणि मोठ्या पाकिटासकट टप्पा ओलांडतं. पाकिटावर बटणाचा उंचवटा जाणवत असेल तर कार्डापुढे पुठ्ठ्याचा तुकडा घाला किंवा स्पीड पोस्टाने पाठवा. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट त्यातच मिसळलं. पत्ता जेल पेनने लिहिला असेल तर त्यावर मेणबत्ती घासा, पावसाच्या थेंबाने शाई पसरत नाही. पाठीमागे स्वतःचा पत्ता ४१६४१६ सकट लिहा, म्हणजे भाचीने खोली बदलली असली तरी कार्ड तुमच्याकडे परत येईल.